झाकलेली कड

तुर्कूच्या गोदीत, तिसऱ्या मजल्यावर,
राइमो लेहतोवाराच्या मागे मी खुर्ची ओढून बसले.
नोव्हेंबर. दुपारी चारलाच खिडकी काळी.
पडद्यावर एका जहाजाचं पोट उघडं:
वाफेच्या, पाण्याच्या, तेलाच्या नळ्या
एकमेकींना चुकवत निघालेल्या.
जिथे चुकवता आलं नाही
तिथे आमचा प्रोग्राम नळी लाल करतो.
बाकीच्या हिरव्या.
हे लाल-हिरवं मीच ठरवलं होतं,
सहा वर्षांपूर्वी, कॉफी निवायच्या आत.

"कुठे धडकलंय, दाखव."
मी बोट ठेवलं.
"असं होय," तो म्हणाला.
"मला हा सगळा एकच रंग.
भिजलेल्या पुठ्ठ्याचा."

एकतीस वर्षं त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं.
शेजारच्या सिर्क्काला विचारायचा, "कॉफी संपली का?"
ती उठून यायची, पडद्यावर नजर टाकायची.
खोकली तर धडक,
गप्प राहिली तर ठीक.
मे महिन्यात सिर्क्का निवृत्त झाली.
तेव्हा कुठे त्याने आम्हाला पत्र लिहिलं,
दोन ओळींचं,
आणि खाली माफी मागितली.
माफी. त्याने.

"आई पुओलुक्का वेचायला रानात न्यायची.
बहिणींच्या बादल्या भरायच्या,
माझ्या बादलीचा तळ दिसायचा.
लाल फळं, हिरवी पानं, म्हणे ढळढळीत.
आळशी म्हणायची मला.
मग मी डोळे मिटून पानांखाली हात घालायला शिकलो.
गार, टणक, मण्यासारखं लागलं की तोडायचं.
कधीमधी सशाची लेंडीही यायची."
हसावं की नाही, मला कळेना.
तो मात्र हसला.

हेलसिंकीत ऑफिसातले म्हणाले,
शंभरात आठ पुरुष, त्यांच्यासाठी
सगळ्यांचा पडदा बेढब करायचा?
ओत्सो म्हणाला, सेटिंगमध्ये आत एक खटका ठेवू,
ज्याला हवा तो दाबेल.
खटका दाबायचा म्हणजे आधी हात वर करायचा,
हे मला तिथे नीट बोलता आलं नाही.
मी नुसता पडद्यातला सगळा रंग काढून टाकला,
राखाडी जहाज भिंतीवर लावलं
आणि म्हटलं, शोधा.
दहा जण. चार मिनिटं.
कुणीतरी खोकलं,
पण ते उत्तर नव्हतं.

मग निळं आणि नारिंगी.
एक गडद, एक फिकं,
रंग गेला तरी उजेड उरावा म्हणून.
आणि धडक जिथे, तिथे रेघ तुटक.
एवढ्यावर मी खूश होते.

फेब्रुवारीत पुन्हा गेले. आउरा नदी गोठलेली.
मी कोट काढेपर्यंत त्याने तीन धडका शोधल्या.
चौथी मलाच ठाऊक नव्हती.
मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"पण ही तुटक रेघ चालणार नाही, पोरी.
आमच्या आरेखनात तुटक रेघ म्हणजे झाकलेली कड.
समोरून दिसत नाही,
पण मागे आहे, एवढं सांगायला.
धडक अशी काढलीस
तर लोक समजतील, पलीकडचं काहीतरी आहे, असू दे."
त्याने पेन्सिल घेतली, रद्दी कागदाच्या कोपऱ्यावर
करवतीसारखे दात काढले.
"असं काढ. बोटाला लागेल असं."

तो कोपरा मी फाडून आणला.
दात आता सगळ्यांच्याच पडद्यावर आहेत,
खटका नाही.
काळ्या-पांढऱ्या छपाईतही टिकतात,
आणि उन्हात, डेकवर, वेल्डरच्या
ओरखडलेल्या टॅबलेटवरसुद्धा,
हे मला नंतर कळलं,
मी तसं काही योजलं नव्हतं.

निघताना त्याने विचारलं,
"कोट कुठल्या रंगाचा तुझा?"
हिरवा, मी म्हणाले.
"असं होय. मला तपकिरी वाटला. बरा आहे."

सहा वाजून गेले होते.
गोदीच्या फाटकाबाहेर, पिवळ्या दिव्याखाली
बसची वाट पाहत मी बाहीकडे पाहिलं.
तपकिरीच होती.